राहुकाळात अडकलेला टी-स्क्वेअर

बेंगळूरला शिकायला जायचं ठरलं, त्यात माझा वाटा फारच थोडा होता. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. घराजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या मार्कांना जागा मिळाली नाही, बेंगळूरच्या एका कॉलेजात मिळाली. मिरजेत आमचं भांड्यांचं दुकान. वडिलांच्या मते तराजू धरता येणाऱ्या मुलाला आणखी शिकवणं म्हणजे चैन होती, पण आईने जेवण सोडायची धमकी दिली आणि त्यांनी होकार दिला. होकाराला शेपूट होतं. "एकदा नापास झालास तरी चालेल. दुसऱ्यांदा झालास की कंपासपेटी बंद, तराजू सुरू."

यंदा माझी नात बेंगळूरला निघाली आहे. तिच्या खोलीचे फोटो मी पाहिले: स्वतंत्र दार, स्वतंत्र बाथरूम, भिंतीवर घडीचं टेबल. ज्यांची मुलं अशाच खोल्यांत निघाली आहेत, त्यांनी त्याच शहरात मी काय भोगलं ते वाचावं आणि मुलांना अधूनमधून वाचून दाखवावं.

मिरजेहून तेव्हा मीटर गेजची गाडी होती. रात्री बसायचं, बेळगाव आणि लोंढा झोपेत जायचे, उजाडता उजाडता धारवाड-हुबळी यायची, आणि मग हरिहर, दावणगेरे, बिरूर, अरसीकेरे असं करत दिवसभर डबा हलत राहायचा. इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जायचा, म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायचं; मग बाहेरचं काहीच दिसायचं नाही. तुमकुराच्या अलीकडे नारळाच्या बागा आहेत असं ऐकून होतो. हुबळीला पळसाच्या द्रोणात उप्पीट मिळायचं, ते चांगलं. पाणी मात्र आपलं हवं. आईने दिलेला फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या मी मांडीत धरून बसलो होतो. आमच्याच दुकानातला, त्यामुळे तळाशी वडिलांच्या हातचा खूण-ठोका होता.

स्टेशनावर न्यायला आले ते अण्णा. कुठल्याशा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीकाठी रुमाल. त्यांच्या मुलीच्या लग्नातली सगळी भांडी आमच्या दुकानातून गेली होती, तेवढीच ओळख. मुलगी म्हैसूरला नांदत होती. घरी अण्णा आणि त्यांच्या बायको दोघंच, म्हणून मला ठेवून घ्यायला ते तयार झाले. बायकोला सगळा परिसर अक्का म्हणायचा, मीही म्हणू लागलो.

"प्रवास सरी झाला का?" अण्णांनी विचारलं.

मी 'हो' म्हणालो आणि चालू लागलो. त्यांनी माझी बाही धरली.

"स्वल्प थांब. आता निघायचं नाही. राहुकाल आहे. सहा वाजून गेले की जटका करू."

जटका म्हणजे तिकडचा टांगा. तो रविवार होता. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो हे मला तेव्हा कळलं. मिरजेत आम्ही राहूला ग्रहणापुरते ओळखायचो. इथे तो रोज दीड तास ड्युटीवर यायचा आणि वारागणिक त्याची पाळी बदलायची. सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, असं सगळं बेंगळूरकरांना पाढ्यांसारखं पाठ. त्या दीड तासात महत्त्वाच्या कामाला घर सोडायचं नाही. आता मी काही घर सोडत नव्हतो, घरी पोचत होतो. तसं मी म्हणूनही पाहिलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "नवीन घरात पाय टाकणं महत्त्वाचं नाही काय?" मग एक रात्र आणि एक अख्खा दिवस प्रवास केलेला मी स्टेशनाच्या बाकावर ट्रंकेशेजारी बसून राहिलो. चहा मागितला तर अण्णांनी कॉफी आणली.

घर चामराजपेटेत एका वठारात होतं. एका दिंडी दरवाजाच्या आत समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये फरसबंदी अंगण, टोकाला विहीर. अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर मराठी मुलखातून आलेलं. मराठी त्यांनी घट्ट धरून ठेवली होती, फक्त वाटेत तिला कन्नड फुटलं होतं. जेवणाला ऊट, आमटीला सारू आणि सोवळ्याला मडी. त्यांच्या मते बिघडलेली मराठी माझी होती. "तुमच्याकडं सगळं पळत पळत बोलतात," अक्का म्हणायच्या. "बोलणं स्वल्प चावून बोलावं."

मडीने माझा जीव घेतला. पहाटे अक्का न्हाऊन ओल्या लुगड्याने स्वयंपाकाला लागायच्या. त्यांना शिवायचं नाही. सोवळ्याची लुगडी, धोतरं छताजवळच्या बांबूवर वाळत असायची. त्यांनाही शिवायचं नाही, आणि माझी उंची अशी की मी बेसावध उभा राहिलो की शिवलोच. कॉलेजातून आलो की मागच्या दाराने यायचं, पाय धुवायचे, कपडे बदलायचे, मग घरातल्या वस्तूला हात. पाण्याचा पेला मागितला की तो जमिनीवर ठेवला जायचा, मग मी उचलायचा. मोरीतल्या तांब्याच्या हंड्यात पाणी तापायचं आणि आंघोळीचा क्रम ठरलेला: अक्का, अण्णा, मग मी. अण्णांची आंघोळ स्तोत्रांसह असायची. हिवाळ्यात माझ्या वाट्याला कोमट पाणी आणि उरलेला धूर यायचा.

जेवण मात्र, खोटं कशाला बोलू, उत्तम होतं. सारू-भात, भाज्यांची आंबट हुळी, घट्ट दही, रविवारी लिंबू पिळलेला फोडणीचा भात, म्हणजे चित्रान्न. पण नैवेद्य झाल्याशिवाय पान नाही, आणि पूजा संपल्याशिवाय नैवेद्य नाही, आणि अण्णांची पूजा कोणाच्याही वेळापत्रकाला बांधलेली नव्हती. कॉलेजच्या पहिल्या तासाला मी पोचायचो तो घाईत गिळलेल्या भाताची ढेकर देत. चहा घरात नव्हताच. त्यासाठी रविवारी बसने थेट शिवाजीनगरला जायचो. बसस्टँडामागे, भंगारवाले आणि सायकल दुरुस्तीवाले यांच्यामध्ये एक चहावाला होता. त्याच्याकडे उभ्याने दोन कप घ्यायचो आणि आठवडाभराचा कोरडेपणा घालवायचो. अक्कांना वाटायचं मी पुस्तकं बघायला जातो. तीही तिथे मिळायची, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं.

खरी अडचण ड्रॉइंगची. इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग मांडीवर काढता येत नाही. बोर्ड लागतो, बोर्डाला सपाट जागा लागते, आणि घरात तशी जागा एकच होती, मधल्या खोलीची जमीन. तीच देवघराकडे जायची वाट, तीच स्वयंपाकघराकडे जायची वाट. मी कागद टाचून, टी-स्क्वेअर म्हणजे टीच्या आकाराची लांब पट्टी लावून ओणवा झालो की वरून अण्णा ओलांडणार की वळसा घालणार याची वाट बघावी लागायची. विद्येला ओलांडायचं नाही म्हणून ते वळसा घालायचे आणि वळसा घालताना धोतराचा सोगा ओल्या शाईवरून न्यायचे.

एका शुक्रवारी मी तीन दिवस खपून काढलेला मशीनच्या भागांचा कागद वाळत ठेवून कॉलेजला गेलो. त्या दिवशी अक्कांकडे हळदीकुंकू. या भागात सवाष्णींच्या पायांनाही हळद लावतात. परत आलो तेव्हा माझ्या सेक्शनल व्ह्यूवरून पिवळ्या पावलांची रांग देवघरापर्यंत गेली होती.

"लक्ष्मीची पावलं म्हण रे," अक्का म्हणाल्या. "किती जणींचा आशीर्वाद आला बघ."

आशीर्वाद घासून निघेनात. प्राध्यापकांनी कागद दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला आणि मला परत दिला. त्या वर्षी बाकी सगळे विषय निघाले, ड्रॉइंग राहिलं. काही महिन्यांनी पुन्हा बसायची संधी होती. वडिलांचं कार्ड आलं, त्यात एकच ओळ होती: दुकानातला गडी काम सोडून गेला, नवीन माणूस मी सध्या शोधत नाही.

मी तयारीला लागलो. या खेपेला अण्णांनीही मनावर घेतलं, आणि तिथेच घात झाला. परीक्षेचं वेळापत्रक कळताच त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि गंभीर झाले. पेपर सोमवारी सकाळी साडेआठला. म्हणजे घरातून पावणेआठच्या सुमारास निघायला हवं. म्हणजे भर राहुकाळात.

"मी सातलाच निघतो," मी म्हणालो. "कॉलेजच्या पायरीवर बसून राहतो."

"उपाशी?" अक्का सोवळ्यातूनच ओरडल्या.

"हॉटेलात इडली खाईन."

"परीक्षेला? हॉटेलचं खाऊन? अय्यो, तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

नैवेद्य कितीही ओढून अलीकडे आणला तरी साडेसातच्या आत पान वाढणं होणार नव्हतं. मी म्हणालो, माझ्याकडून राहूला सूट द्या, मी मिरजेचा आहे, त्याला माझा पत्ता माहीत नाही. अण्णा हसलेसुद्धा नाहीत. रविवारी संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर त्यांनी तोडगा जाहीर केला.

"तुझं प्रस्थान ठेवतो शामण्णाकडं."

प्रस्थानाची चाल आपल्याकडेही होती, फक्त आमच्या पिढीत मागे पडलेली. निघायची वेळ अशुभ असेल तर आधीच, चांगल्या वेळेला, आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग आपण कधीही निघा, जाता जाता वस्तू उचला आणि पुढे व्हा. शामण्णा म्हणजे अंगणापलीकडच्या समोरच्या घरातले निवृत्त मास्तर, अण्णांचे पंचवीस-तीस वर्षांचे स्नेही. दोघं रोज संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर बसून पंचांगावर वाद घालायचे.

"बरं," मी म्हणालो. "माझी छत्री ठेवा."

"परीक्षा काय छत्रीनं देणार आहेस? ज्या कामाला जातोस त्याचं साधन ठेवायला लागतं."

आणि त्यांनी माझा टी-स्क्वेअर उचलला. कंपासपेटी आणि गुण्ये पिवळ्या फडक्यात बांधले, आत सुपारी, हळकुंड आणि अक्षता टाकल्या, पुरचुंडी टी-स्क्वेअरच्या टोकाला अडकवली.

"अण्णा, मला आज रात्री सराव करायचाय!"

"सराव वर्षभर करायचा असतो. आज झोप."

वाद घालण्यात जेवढा वेळ गेला असता त्यात ड्रॉइंगच्या पुस्तकातली एक आकृती वाचून झाली असती, म्हणून मी पुस्तक उघडलं. खिडकीतून पाहिलं: अण्णा अंगण ओलांडून चालले आहेत, खांद्यावर माझा टी-स्क्वेअर, आणि शामण्णा दारात दोन्ही हात पुढे करून उभे. एखाद्या देवाची पालखी घ्यावी तसा त्यांनी तो आत नेला.

सोमवारी सकाळी अक्कांनी खरोखरच शर्थ केली. पान साडेसात वाजून गेल्यावर लगेच आलं. सारू-भात, वर दह्याची वाटी, हातावर साखर. देवाला, त्या दोघांना नमस्कार करून मी अंगण ओलांडलं आणि शामण्णांच्या दारासमोर उभा राहिलो.

दाराला कुलूप होतं.

मी कडी वाजवली. कुलुपाला कोण उत्तर देणार? शेजारच्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ते दोघं येलहंक्याला गेले. सुनेच्या बाळाचं बारसं आहे ना आज. लवकर गेले."

"लवकर म्हणजे?"

"सव्वासातला. साडेसातनंतर राहुकाल लागतो की."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि सुदैवाने त्या बाईंना मिरजेची मराठी येत नव्हती. मी धावत परत आलो. अण्णा ऐकून जागच्या जागी थिजले. पूजेचं ओलं धोतर, उघडं अंग, कपाळावर गंध, हातात पळी. दोन पावलं पुढे आले आणि उंबरठ्याशी थांबले. भिंतीवरचं घड्याळ पावणेआठ दाखवत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि समजलो. नऊ वाजेपर्यंत हा माणूस उंबरठा ओलांडणार नाही. मुलीचं लग्न ठरवायला आलेले पाहुणे त्यांनी याच कारणासाठी दिंडी दरवाजात पाऊण तास उभे ठेवले होते.

"तू चल," अण्णा म्हणाले. "बस चुकेल."

"हात हलवत जाऊन काय करू? तिथे गाणं म्हणू?"

"सदाशिवा, तू चल. मी बघतो."

"काय बघता? घड्याळ?"

त्यांच्याशी मी असं कधी बोललो नव्हतो. आतून अक्का काहीतरी म्हणाल्या, मी ऐकायला थांबलो नाही. बसमध्ये सगळ्या रस्त्यात मी राहूला, शामण्णांच्या सुनेला आणि त्या निरपराध बाळाला मनात शिव्या देत होतो. मार्केटपाशी बस नेहमीसारखी खोळंबली. समोरच्या दुकानावर पितळी घागरींची उतरंड लावलेली होती. मला त्यात आमचं दुकान दिसलं, वडील दिसले, आणि त्यांच्या शेजारी गादीवर बसलेला मी.

हॉलमध्ये बोर्ड आणि कागद कॉलेजचे, हत्यारं ज्याची त्याची. सुपरवायझर उंच, सुकलेले गृहस्थ होते. मी अडचण सांगितली. टी-स्क्वेअर शेजाऱ्याकडे प्रस्थान ठेवलाय आणि शेजारी येलहंक्याला गेलाय, हे इंग्रजीत सांगून पाहा, म्हणजे मला कसं वाटलं ते कळेल. ते म्हणाले, उसनं घेता येणार नाही, दुसऱ्याचा वेळ जातो. मी पेन्सिलने हातानेच चौकट काढायला घेतली. सरळ रेषा सरळ येत नव्हती. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघून हळूच 'च्' करायचा, त्याने तर आणखी वाकडी यायची. वीस मिनिटांत माझ्या कागदावर नाव, नंबर आणि गावातल्या सुताराने काढावी तशी एक पेटी होती.

तेवढ्यात दारात गडबड झाली. शिपाई कोणाला तरी अडवत होता. मी वर पाहिलं.

अण्णा. तेच पूजेचं धोतर, खांद्यावर पंचा, पाय अनवाणी, कपाळावरचं गंध घामाने नाकापर्यंत आलेलं. खांद्यावर माझा टी-स्क्वेअर आणि त्याच्या टोकाला पिवळी पुरचुंडी. चाळीस मुलांच्या पेन्सिली थांबल्या. कुणीतरी मागे खुसखुसलं.

सुपरवायझर पुढे गेले. "हू आर यू?"

अण्णांनी धाप आवरली. कचेरीत आयुष्यभर इंग्रजी लिहिलेला माणूस, पण तेव्हा एकच शब्द आला. "गार्डियन."

सुपरवायझरांनी पुरचुंडी सोडून पाहिली. सुपारी आणि हळकुंड टेबलावर बाजूला ठेवलं, कंपासपेटी माझ्या हातात दिली. मग हॉलच्या घड्याळाकडे बघून खालच्या आवाजात कन्नडमध्ये म्हणाले, "स्वामी, राहुकाल अजून संपला नाही. आलात कसे?"

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले, आणि वळून चालू लागले.

मी काढायला बसलो. पहिली रेषा ओढली तेव्हा टी-स्क्वेअरवरून अक्षतांचे दोन दाणे कागदावर पडले. ते फुंकून उडवले आणि मग वर बघितलं नाही.

काय झालं होतं ते अक्कांकडून संध्याकाळी कळलं. मी बाहेर पडल्यावर अण्णा उंबरठ्याशी उभेच राहिले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "बत्ता दे." अक्का मडीत. त्यांनी लोखंडी बत्ता जमिनीवर ठेवला, अण्णांनी उचलला. "कशाला हो?" अक्का विचारेपर्यंत ते उंबरठ्याच्या पलीकडे. अख्ख्या वठाराने पाहिलं: हेडक्लार्क अण्णा, ज्यांनी जन्मात चालत्या बसमध्ये पाय टाकला नाही, ते उघड्या अंगाने आपल्या स्नेह्याचं कुलूप फोडत होते. तीन घाव लागले. तांदूळ निवडणाऱ्या बाईंनी सूप खाली ठेवून देवाचं नाव घेतलं. मग कोपऱ्यावर जटका मिळाला. घोडा म्हातारा होता.

"चप्पल तरी घालायची होती," मी अण्णांना म्हणालो. क्षमा मागायची होती, पण तोंडातून हेच आलं.

"चप्पल घालून निघालो असतो तर ते बाहेर जाणं झालं असतं," अण्णा म्हणाले. "अनवाणी मी अंगणातच होतो. जरा लांबच्या अंगणात."

अक्का त्यांच्याशी बोलत नव्हत्या. आमच्या दोघांची मीठ-मोहरीने दृष्ट काढली, ती मात्र बोलत बोलत काढली.

दिवेलागणीला शामण्णा आणि त्यांच्या बायको येलहंक्याहून परतले. कुलूप कडीला लोंबकळत होतं. अण्णा स्वतः पुढे गेले, सगळं सांगितलं, मान खाली घातली. मी मागे उभा. तीस वर्षांची मैत्री माझ्या टी-स्क्वेअरवरून जाते की काय, असं वाटलं.

शामण्णांनी कुलूप हातात घेऊन उलटसुलट केलं. "मी सकाळी हाक मारणार होतो रे. तुझी घंटा वाजत होती, पूजेतून कसा उठवू? वाटलं, पोरगा पहाटेच सामान घेऊन गेला असेल. कोपऱ्यात बघितलंच नाही मी." मग कुलूप बाजूला ठेवलं. "कुलूप जाऊ दे. किती वाजता फोडलंस?"

"आठाला स्वल्प कमी होतं."

"आठाला!" शामण्णा ओरडले. "म्हणजे राहुकालात? माझं दार? अरे, साडेसाताच्या आधी फोडायला काय झालं होतं तुला?"

"साडेसाताच्या आधी तू घरात होतास."

शामण्णा पुन्हा कुलूप उलटसुलट करू लागले. त्यांच्या बायको पदर तोंडाला लावून आत पळाल्या. त्या रात्री शामण्णांनी उंबरठ्यावर नारळ फोडला, दाराची शांत केली, सगळ्यांना खोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी नवीन कुलूप आलं आणि त्याची एक किल्ली अण्णांच्या घरी कॅलेंडरच्या खिळ्याला लागली. कॉलेज संपवून मी निघालो तेव्हाही ती तिथेच होती.

मी पास झालो. काठावर, पण झालो. ते सुट्टीचे दिवस होते, मिरजेला जायचं होतं. वडिलांचं पुन्हा कार्ड: पास झालास हे कळलं, ये, मग पुढचं बघू. 'मग पुढचं बघू' मला आवडलं नाही. गडी नाही, हंगाम लग्नांचा, आणि एकदा गादीवर बसवलं की उठवणार कोण, हे मला माहीत होतं.

निघायचा दिवस गुरुवार. गाडी दुपारची. गुरुवारी राहुकाळ दीड ते तीन. मी कॅलेंडर न बघता सांगितलं, आणि ते सांगता आलं याचाच मला राग आला.

"प्रस्थान ठेवायला लागेल," अण्णा म्हणाले.

"यावेळी छत्री," मी म्हणालो.

"छत्री कापडाची, काळी. धातूचं काहीतरी दे," अक्का म्हणाल्या आणि माझा फिरकीचा तांब्या घेऊन गेल्या. मी वाद घातला नाही. किल्ली खिळ्याला आहे, शामण्णा घरात आहेत, आता काय अडणार? सकाळपासून दोनदा जाऊन दार उघडं आहे ना, ते बघून आलो.

निघताना सगळ्यांचा गोंधळ. अक्कांनी दिलेले डबे, शामण्णांनी आईसाठी दिलेला नारळ, जटकेवाल्याची घाई, ट्रंक मागे की पुढे यावर अण्णा आणि शामण्णांचा वाद. शामण्णाही जटक्यात चढले. स्टेशनावर दोघांनी मला खिडकीतून दोन वेगवेगळ्या सूचना दिल्या. यशवंतपूर मागे पडल्यावर तहान लागली. मी मांडीकडे हात नेला.

तांब्या शामण्णांच्या घरी होता.

तुमकूरला नळाखाली ओंजळ धरली, अरसीकेरेला धरली, रात्री हुबळीला उतरताना दाराला डोकं आपटलं आणि पुन्हा ओंजळ धरली. बाही कोपरापर्यंत ओली. शेजारच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "इतका लांबचा प्रवास आणि साधा तांब्या नाही जवळ?" मी त्यांना समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

मिरजेत वडील स्टेशनावर आले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला नाही, मार्क विचारले नाहीत. भांड्यांचा व्यापारी तो, सामान मोजलं.

"तांब्या कुठाय?"

"तो... आधीच निघालाय."

"काय?"

मग प्लॅटफॉर्मवरच सगळं सांगावं लागलं. राहुकाळ, प्रस्थान, कुलूप, बत्ता, अण्णा अनवाणी. वडील ट्रंक उचलून चालत होते. अण्णांनी दार ओलांडलं तिथे मात्र त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि विचारलं, "स्वतः गेले?"

"स्वतः."

त्यांनी ट्रंक पुन्हा उचलली. टांग्यात बसल्यावर म्हणाले, "आपल्या दुकानचं भांडं परक्या घरी ठेवून येतोस. लाज नाही वाटत? सुट्टी संपली की जा आणि घेऊन ये."

एवढंच. दुकानात बसायचा विषय त्यांनी त्या उन्हाळ्यात काढला नाही, नंतरही नाही.

सुट्टी संपल्यावर मी गेलो. तांब्या शामण्णांकडून परत येऊन अक्कांच्या सोवळ्याच्या फडताळात होता, देवाच्या पाण्याला. त्यांना तो फारच आवडला होता, झाकण कसं घट्ट बसतं म्हणून. मी हात पुढे केला तर त्या ओरडल्या, "शिवू नको! मडीत आहे."

कॉलेज संपेपर्यंत मला माझ्या तांब्याला हात लावता आला नाही. डिग्री घेऊन मिरजेला परतलो तेव्हा वडिलांनी सामान मोजलं आणि या खेपेला काही विचारलं नाही. घरातल्या फडताळात तांब्याची जागा बरीच वर्षं मोकळीच होती. नातीची ट्रंक, म्हणजे तिची चाकांची बॅग, काल भरून झाली. पाण्याच्या बाटल्या दोन घेतल्या आहेत. ती म्हणाली, एक पुरे आहे की. मी म्हटलं, असू दे.